निर्दोष माल

दार उघडलं तेव्हा समोर उभी असलेली दोन मुलं कुणाची, हे त्याला क्षणभर कळलंच नाही. सकाळचे सव्वादहा वाजले होते. या वेळी त्याच्या दाराची बेल वाजत नसे. मुलं सातला शाळेत जात, बायको आठला इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडकीवर जायला बाहेर पडे, आणि मग दुपारी दोनला कारखान्याची बस येईपर्यंत ते दोन खोल्यांचं घर फक्त त्याचं असे. दहा वाजता तो स्वतःपुरता चहा करी, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवी आणि कप थंड होईपर्यंत बसून राही. भिंतीवर काहीही टांगलेलं नव्हतं आणि तेच त्याला हवं असे. आता तोच कप हातात घेऊन तो दारात उभा होता आणि समोर एक मुलगी, एक मुलगा. मुलीचे मोजे घोट्यापर्यंत भिजलेले, मुलाच्या हातात लिफाफा. ‘कोण पाहिजे?’ हे शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबले. तेवढ्यात मुलगी त्याच्या हाताखालून आत घुसली आणि घुसताना तिचा डावा कान त्याला दिसला, वरच्या कडेला जरासा दुमडलेला. त्या कानावरून त्याला उमगलं की ही आपली भिंगरी, म्हणजे मागे उभा आहे तो थोरला. आपल्याच पोरांना आपण उंबऱ्यात अडवून धरलंय हे लक्षात येऊन तो बाजूला झाला. पण बाजूला व्हायला जो वेळ लागला, तो थोरल्यानं पाहिला होता.

“बाबा, शाळा बुडाली,” भिंगरी पलंगावर बसून मोजे ओढत म्हणाली. “खरंच बुडाली. तळघरात इथपर्यंत पाणी आलंय. शिपाईकाका पँट वर करून उभे होते. दिवे पण गेले सगळे.” ती बोलत राहिली, आठ वर्षांच्या पोरीला जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोलली, आणि थोरल्यानं मध्येच एकदा “बाबा” म्हणून लिफाफा पुढे केला. पत्रात लिहिलं होतं की पाण्याचा मुख्य नळ फुटून इमारतीखाली पाणी साचलंय, विजेची जोडणी जळाली आहे, दुरुस्ती होईपर्यंत शाळा बंद राहील आणि तोवर पालकांनी मुलांचा अभ्यास घरी घ्यावा. खाली भिंगरीच्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या होत्या: वाचनात फार मागे आहे, शाळा उघडेपर्यंत सुधारलं नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवावं लागेल. थोरल्याच्या बाबतीत काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं ते पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा त्याच्या मनात काय आलं, तर चहा गार झाला. हे मनात आल्याची लाजही त्याला वाटली, पण ती नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसांना चाप लावता लावता बायकोनं सगळं ठरवून टाकलं. सकाळी आठ ते दुपारी दीड मुलं त्याच्याकडे; दीडपासून पाचपर्यंत खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी बघतील. “माझी रजा मिळणार नाही,” ती म्हणाली, “आणि खरं सांगू? बरंच झालं. अकरा वर्षं पोरं तुम्हाला रविवारची भेटतात. एरवी तुम्ही येता तेव्हा ती झोपलेली, ती जातात तेव्हा तुम्ही झोपलेले. हे दोन-चार आठवडे तुमच्या हातात आहेत. तुम्ही कोण आहात ते त्यांना कळू द्या.” दाराशी गेल्यावर ती परत वळली. “आणि ती कोण आहेत ते तुम्हालाही.” ती हसत म्हणाली, पण पायऱ्या उतरताना ती हसत नव्हती हे त्याला तिच्या चपलांच्या आवाजावरून कळलं. अकरा वर्षं. दुपारची पाळी त्यानं थोरला वर्षाचा असताना मागून घेतली होती. सकाळचा उजेड डोळ्यांना मानवत नाही, असं त्यानं कारखान्यात सांगितलं होतं आणि घरीही. तो तिथं माल तपासणारा तपासनीस होता, आणि तपासनिसाच्या डोळ्यांबद्दल कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. खरं एवढंच होतं की घरात एक मूल रडत असे, आणि कधीतरी एकदा ते सगळे बाहेर गेलेले असताना त्याला ती भिंत सापडली होती.

कारखाना बाटल्यांचा. औषधाच्या, सरबताच्या, तेलाच्या. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या एका पट्ट्यावरून ओळीनं येत, पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोर स्वतःभोवती एक गिरकी घेत आणि पुढे जात. पडद्याच्या अलीकडे तो बसे. मिनिटाला साठ बाटल्या. बुडबुडा, खडा, केसाएवढी चीर, वाकडं तोंड, जे दिसेल ते उलट्या हातानं पट्ट्यावरून ढकलायचं. बाजूच्या लोखंडी पेटीत ती बाटली फुटे आणि फुटकी काच परत भट्टीत जाई. वीस मिनिटं बसायचं, वीस मिनिटं उठून डोळे मिटून पडायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी त्याला शेजारी बसवून घेणारा म्हातारा तपासनीस अजून त्याला आठवत असे. सुकलेला, कमी बोलणारा, सतत पापण्या मिचकावणारा. तो म्हणाला होता, “बाटली बघायची नाही. बाटली बघत बसलास की दोष सुटला म्हणून समज. डोळा सैल सोड. काही बघू नकोस. जे वाकडं असेल ते आपसूक टोचेल.” आणि तसंच झालं. तीन महिन्यांत त्याचा डोळा असा सैल सुटला की दोष आला की हात आपोआप चाले. डोक्याला कळायच्या आधी बाटली पेटीत फुटलेली असे. म्हातारा निवृत्त झाल्यावर तो एकदा त्याला भेटायला गेला होता. म्हातारा खिडकीत बसला होता. “आयुष्यभर माझ्यासमोरून बाटल्या गेल्या,” तो पापण्या मिचकावत म्हणाला, “पण डोळे मिटले की दिसतात त्या फुटलेल्याच. चांगली एकसुद्धा आठवत नाही रे.” त्या वेळी त्याला वाटलं होतं, वय झालं, म्हातारा चळलाय.

अभ्यास स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाला. आपल्याला शिकवता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. तपासता येतं, हेही ठाऊक होतं. तो खिडकीकडे तोंड करून बसे, म्हणजे वही उचलून धरली की उजेड कागदातून येई, खोडलेलं आणि पुन्हा लिहिलेलंही दिसे. वीस मिनिटं झाली की तो उठून दुसऱ्या खोलीत डोळे मिटून पडे. मुलांना ते विचित्र वाटलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. आईला ती ‘तू’ म्हणत, त्याला ‘तुम्ही’ म्हणत, आणि ‘तुम्ही’ला कुणी फारसं काही विचारत नाही. भिंगरी वाचायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला अडखळे. अडखळली की त्याचा हात हले. वहीतलं अक्षर ओळीखाली घसरलं की हात हले. रफार राहिला, काना राहिला, हात हले. आणि उलट्या हातानं तो ती वही टेबलाच्या कडेला सारी. तो ओरडत नसे. मारणं तर दूरच, त्यानं जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. फक्त ढकली. “पुन्हा.” थोरल्याची वही तो घेई, पानं उलटी, कुठंच काही टोचत नसे. “ठीक,” तो म्हणे आणि वही परत देई. थोरल्याच्या वहीला जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात भिंगरीचा एक शब्दही वाचून होत नसे.

पहिला आठवडा संपता संपता भिंगरीनं पुस्तकाकडे बघणं सोडून दिलं. ती त्याच्या हाताकडे बघून वाचायला लागली. एक शब्द उच्चारायचा आणि डोळे वर करून हाताकडे बघायचं. हात हलला नाही तर पुढचा शब्द. दिवसभर भिरभिरणारी, जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरणारी पोर टेबलाशी आली की बाहुलीसारखी ताठ बसे आणि तिच्या गळ्याशी एक शीर उडत राही. ती शीर त्याला दिसे. तिचं सगळंच त्याला दिसे: दुमडलेला कान, पेन्सिल धरताना पांढरं पडणारं बोट, ‘ळ’ म्हणताना बाहेर येणारी जीभ. आपण तिचं भलं करतोय, तिचं वर्ष वाचवतोय, हे तो स्वतःला सांगत होता आणि ते खोटंही नव्हतं. रात्री झोपेत ती चाचरते, असं बायकोनं एका सकाळी सांगितलं. कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक फुटणाऱ्या बाटलीबरोबर त्याचे खांदे दचकले. इतक्या वर्षांत तो आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. आता पेटीत दर वेळी काच फुटत होती आणि दर वेळी त्याला वाटत होतं की कुणीतरी एक शब्द अर्ध्यावर सोडलाय.

मग त्यानं हात मांडीखाली दाबून बसायला सुरुवात केली. हसू येण्यासारखीच गोष्ट होती. चाळिशी उलटलेला बाप स्वतःच्या हातावर बसून पोरीचं वाचन ऐकतोय. पण भिंगरी हसली नाही. हात दिसेनासा झाल्यावर तिला काही दिवस वाचताच येईना; मग एकदा ती सबंध ओळ वाचून गेली, थांबली आणि विचारलं, “बरोबर होतं?” त्याला खरंच सांगता येईना. चूक झाली असती तर टोचली असती. काही टोचलं नव्हतं. “असावं,” तो म्हणाला. त्यावर मात्र ती खुदकन हसली. दुसऱ्या दिवसापासून ती पुस्तक घेऊन पलंगाखाली शिरायला लागली आणि तिथून तिचा आवाज यायला लागला, अडखळत, चुकत, स्वतःच स्वतःला दुरुस्त करत. पलंगाखालचं पोर तपासता येत नाही. तो टेबलाशी बसून तो आवाज ऐकत राही आणि कधी नव्हे ते त्याला वाटे, चाललंय तसं चालू दे.

“थोरल्याकडेही बघा जरा,” बायको एका रविवारी म्हणाली. ती टेबलाशी बसून मुलाच्या शर्टाचं बटण लावत होती. “त्याला काय झालंय? त्याचं सगळं ठीक आहे,” तो म्हणाला. “तेच म्हणतेय मी. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत. ते पोर दिवसदिवस तोंड उघडत नाही. तुम्ही काय बोलता त्याच्याशी?” त्यानं आठवून पाहिलं. ठीक, असं बोलतो. पाणी दे, असं बोलतो. बायकोनं दातानं दोरा तोडला. “बाप तसा बेटा,” ती म्हणाली, आणि त्यात थट्टा किती आणि तक्रार किती हे त्याला ठरवता आलं नाही. त्या दुपारी त्याला थोरल्याच्या जन्माचा दिवस आठवला. परिचारिकेनं कापडात गुंडाळलेलं बाळ त्याच्या हातात दिलं होतं आणि त्यानं सवयीनं बोटं पाहिली, कान पाहिले, टाळू पाहिली, उजेडाकडे धरून एकदा फिरवलंसुद्धा. कुठंच काही नव्हतं. “ठीक आहे,” असं म्हणून त्यानं बाळ परत दिलं. पलंगावरून बायको हसली होती: “ठीक आहे काय? मुलगा झालाय तुम्हाला.” भिंगरीच्या वेळी तो त्या दुमडलेल्या कानाकडे तासभर बघत बसला होता, बोटानं तो सरळ करत, तो परत दुमडे, हा परत सरळ करे, आणि त्या तासाभरात ती पोर त्याची झाली. थोरल्याला त्यानं त्या पहिल्या दिवशीच पुढे सोडलं होतं. बारा वर्षं झाली. त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बघावा म्हणून त्यानं डोळे मिटले, तर शाळेच्या दप्तराचा पट्टा दिसला, वहीचं कव्हर दिसलं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड.

तिसऱ्या आठवड्यात थोरल्याच्या वहीत पहिली चूक निघाली. पानावर दहा गणितं, त्यातलं पाचवं. टोचली. हात मांडीखालून निघून गेला आणि वही कडेला सरकली. “लक्ष कुठंय?” तो म्हणाला. थोरल्यानं मान खाली घातली आणि वही ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी दोन चुका. मग निबंधात एक चूक, मग नकाशात एक नदी उलटीकडे वाहत गेली. नाकासमोर चालणारं पोर, ज्याच्यावर शाळेनंही कधी एक ओळ लिहिली नाही, ते असं कसं घसरलं म्हणून त्याला काळजी लागली. आपण मुलीच्या नादात मुलाचं नुकसान केलं असं त्याला वाटायला लागलं. तो थोरल्याला जवळ खुर्ची ओढायला सांगून एकेक गणित पुन्हा करून घ्यायला लागला. खांद्याला खांदा लागे. थोरल्याच्या अंगाला साबणाचा आणि खोडरबराचा वास येई. “इथं बघ. काय झालं इथं?” “चुकलं.” “कसं चुकलं?” “माहीत नाही.” आणि दोघंही पुन्हा पहिल्या पायरीपासून. मुलगा सगळं निमूटपणे करी, एकदाही कंटाळत नसे, उलट वीस मिनिटं झाल्यावर तो डोळे मिटायला उठला की थोरला हळूच म्हणे, “अजून एक बघता?” चुका करणाऱ्या पोरानं इतकं खुशीत का असावं, हा प्रश्न त्याला पडला होता; पण पडलेल्या प्रश्नाकडे बघायची त्याची पद्धत अशी होती की तो आपोआप पुढे निघून जाई.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी पत्र आलं, सोमवारी शाळा उघडणार. भिंगरीनं ते पत्र स्वतः वाचून दाखवलं, ‘जोडणी’ला अडली, पण वाचलं, तिचं वर्ष वाचलं होतं. त्याच दिवशी दुपारी तो पडद्यासमोर बसला असताना पट्ट्यावरून एक पाहुणी आली. तपासनीस झोपलेत की जागे हे बघायला साहेब कधीमधी मुद्दाम खोट काढलेली बाटली ओळीत सोडत. तिला सगळे पाहुणी म्हणत. नवा माणूस तिला फसतो, मुरलेला लांबून ओळखतो. खरा दोष लाजरा असतो. तळाशी, शिवणीत, मानेच्या वळणात दडून बसतो, एकटा सहसा येत नाही, त्याच्याबरोबर आजूबाजूची काच जराशी ओढलेली असते. पाहुणीची सगळी काच अगदी नितळ असते आणि दोष मात्र मधोमध, डोळ्यांसमोर येऊन उभा राहतो. त्याचा हात उठला, बाटली पेटीत फुटली, आणि त्या आवाजात त्याच्या डोळ्यांपुढे थोरल्याची वही उघडली. पानावर दहा गणितं, चूक पाचव्यात. दोन असल्या तर चौथ्यात आणि सातव्यात. वरच्या सगळ्या पायऱ्या बरोबर, हातचे बरोबर, मांडणी बरोबर, फक्त शेवटचा आकडा चूक, आणि तो आकडा इतका ठळक, इतका सुबक, की जणू त्याला कुणी खुर्चीवर बसवलंय. हे सगळं त्यानं पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. मुलगा पाहुण्या सोडत होता. आणि पाहुणी बाटलीसाठी सोडत नाहीत. समोर बसलेला माणूस बघतोय का, तेवढं कळावं म्हणून सोडतात.

तो उठला नाही, उठायची वेळ झाली नव्हती. पण म्हाताऱ्यानं सैल सोडायला लावलेला डोळा त्यानं आवळला आणि पट्ट्यावरून येणाऱ्या एका बाटलीकडे बघितलं. हिरवी बाटली होती, सरबताची. खांद्याशी रंग गडद होता आणि पोटाशी पातळ होत गेला होता, आणि ती गिरकी घेताना उजेड तिच्यात भरून आल्यासारखा वाटला. दुसरी आली; ती तशीच होती आणि तशीच नव्हती. वीस वर्षं तो इथं बसत होता आणि हिरवा रंग असा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो एकेक बाटली येताना बघत राहिला, जाताना बघत राहिला, आणि त्या जातायत याचं त्याला फार वाईट वाटायला लागलं. खांद्यावर हात पडला तेव्हा पाळीचे साहेब मागे उभे होते. “काय हो, बरं नाही का? चार बाद सोडल्यात तुम्ही पुढे. तुम्ही!” “बाटल्या बघत होतो,” तो म्हणाला. साहेबांना ती थट्टा वाटली. “बाटल्या बघायला बसवलंय का तुम्हाला?” असं म्हणून त्यांनी दुसऱ्याला त्याच्या जागी बसवलं आणि त्याला डोळे धुऊन यायला सांगितलं. नळाखाली डोळे धुताना तो बराच वेळ वाकून राहिला.

शुक्रवारी सकाळी बायको गेल्यावर भिंगरी पलंगाखाली शिरली आणि थोरल्यानं वही त्याच्यापुढे ठेवली. हा शेवटचा अभ्यास. दहा गणितं. त्यानं वही उघडली आणि न वाचता मिटली. मग खुर्ची वळवून त्यानं थोरल्याकडे बघितलं. ते त्याला वाटलं होतं त्याहून फार अवघड निघालं. नजर चेहऱ्यावर टेकायची आणि निसटायची. जिथं धरायला काही वाकडं नाही तिथं ती थांबायलाच तयार नव्हती. वाकडं काहीच नव्हतं. कपाळ रुंद होतं. भुवया बायकोच्या होत्या. ओठांवर अगदी पुसट लव यायला लागली होती, म्हणजे हे पोर लवकरच मोठं होणार होतं. डोळे तपकिरी होते. काळे नव्हते, तपकिरी होते, आणि हे कुणी त्याला शुक्रवारआधी विचारलं असतं तर त्यानं छातीठोकपणे काळे म्हणून सांगितलं असतं. थोरल्यानं खाली बघून शर्टाची बटणं तपासली. ती सगळी लागलेली होती.

“काय चुकलं?” मुलानं विचारलं.

“काही नाही.”

“मग बघताय काय?”

“तुला बघतोय.”

पलंगाखालून भिंगरीचा आवाज येत होता. एक शब्द तीनदा, मग पुढचा. थोरल्यानं वहीवर बोट ठेवलं. “तीन चुकली आहेत यात,” तो म्हणाला, जणू समोरच्याला मदत करावी तसा.

“चुकली नाहीत. तू चुकवलीस.”

मुलाचं बोट वहीवरून उठलं. त्याचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत, आणि तो उठून जाईल असं वाटलं; पण तो गेला नाही. डोळे भरून आले ते त्यानं पुसलेही नाहीत. पुसले तर कळेल असं त्याला वाटलं असावं. बापाला थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण त्या हातावर त्याचा भरवसा नव्हता. तो नुसता म्हणाला, “तुला चुकवावं लागलं, ही माझी चूक आहे. आता नको चुकवूस. सगळं बरोबर असलं तरी बघीन मी.”

“कधी?” थोरल्यानं विचारलं. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. पायऱ्या बरोबर मांडून उत्तराशी यावं तसं तो विचारत होता. “सोमवारी शाळा आहे. आम्ही येतो तेव्हा तुम्ही गेलेले असता.”

“पाळी तशी आहे,” असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. अकरा वर्षं तो हेच म्हणत आला होता आणि ते वाक्य त्याच्या तोंडात बसून गुळगुळीत झालं होतं. पण समोर ते तपकिरी डोळे होते. “ती पाळी मी मागून घेतलीय,” तो म्हणाला.

“डोळ्यांसाठी. आईनं सांगितलंय.”

“डोळ्यांना काही झालेलं नाही. आईला मी खोटं सांगितलं.”

“मग?”

“सकाळी घरात कुणी नसतं. शांत असतं. म्हणून.”

थोरला यावर विचार करत बसला. खिडकीतून येणारा उजेड टेबलावर, मिटलेल्या वहीवर, त्याच्या उघड्या तळहातावर पडला होता. तो रडेल, चिडेल, निदान तोंड फिरवेल, अशी वाट बघत बाप बसून राहिला, आणि त्यातलं काहीही झालं असतं तर ते त्याला सोसवलं असतं.

“मीपण शांतच असतो, बाबा,” थोरला म्हणाला.

ते दोघं तसेच बसून राहिले, किती वेळ ते त्यानं घड्याळात बघितलं नाही. वीस मिनिटं होऊन गेली होती, चाळीसही गेली असतील, आणि डोळे मिटायला तो उठला नाही. त्या दिवशी बस येण्याची वाट न बघता तो घरातून निघाला आणि मुलांना शिवणकामवाल्या मावशींच्या दारात सोडून भरभर पायी कारखान्याकडे चालायला लागला. पाळ्या लावणारा कारकून शुक्रवारी दोनलाच जागेवरून उठून घरी जातो, हे त्याला माहीत होतं.